दालचिनीचं तेल असलेलं सीरम लावावं का?

झुळूक:
पिंपल्ससाठी मैत्रिणीने एक सीरम सुचवलंय. घटकांमध्ये 'सिनॅमोमम झेलॅनिकम बार्क ऑइल' दिसतंय. माझी त्वचा तेलकट आहे, पण नाकाच्या कडेला लगेच लाल होते. लावू का? की दालचिनीची पूड मधात कालवून लावलेली बरी?

खडूस:
दोन्ही नको. मसाल्याचा डबा चेहऱ्यावर रिकामा करायची हौस लोकांना का असते, देव जाणे.

गंधवेडी:
खडूस, जरा दमानं! झुळूकताई, दालचिनी जंतू मारते हे खरंय. सालीच्या तेलात मुख्यतः सिनॅमल्डिहाइड असतं आणि प्रयोगशाळेत ते मुरुमांच्या जिवाणूंवरही चालतं. पण काचेच्या बशीत चाललं म्हणजे गालावर चालेलच असं नाही. हेच द्रव्य त्वचेला चिडवतं, शिवाय अ‍ॅलर्जीही आणतं. सुगंधी द्रव्यांच्या अ‍ॅलर्जीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर जी पॅच टेस्ट करतात, तिच्या मिश्रणात हे असतंच. एकदा अ‍ॅलर्जी जडली की सहसा जात नाही. मग परफ्यूम, टूथपेस्ट, च्युइंगगम, सगळीकडे लेबल वाचत बसायचं.

लेबलवर 'सिनॅमल' (म्हणजे सिनॅमल्डिहाइडच) वेगळं लिहिलंय का बघा. युरोपात चेहऱ्यावर तसंच राहणाऱ्या उत्पादनात ते ०.००१ टक्क्याहून जास्त असेल, तर नाव छापावंच लागतं. धुऊन टाकायच्या उत्पादनाला ही मर्यादा ०.०१ टक्के आहे. ते लगेच धुतलं जातं, म्हणून फेसवॉश त्यातल्या त्यात बरा, सीरम नाही. तुमची त्वचा आधीच लाल होते, मी तरी घेतलं नसतं.

पुडीचं म्हणाल तर त्यात सिनॅमल्डिहाइड किती, हे कुणालाच सांगता येत नाही. वर ती खरखरीत, चोळली की आणखी आग.

रानफूल:
पण सालीचा अर्क आणि सालीचं तेल एकच का?

गंधवेडी:
नाही. अर्क बहुतेकदा सौम्य असतो, पण कशात काढलाय त्यावर आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. अ‍ॅलर्जीची खाज दोन-तीन दिवसांनीही उठते, म्हणून एका रात्रीत निकाल लावू नका.

झुळूक:
मग पिंपल्सना काय लावू?

खडूस:
सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड. तेही कमी टक्क्यापासून, आणि दोन्ही एकदम नको.

रानफूल:
जाता जाता, ओठ भरीव दिसायला तो झणझणीत लिप ग्लॉस मिळतो, त्यातही दालचिनीच का?

गंधवेडी:
बऱ्याच ग्लॉसमध्ये असते. ओठ चिडून सुजतात, त्यालाच 'भरीव' म्हणून विकतात.