मृणालताई गोरे यांच्या नगरसेवकपदाच्या काळातील नोंदी : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. गोरेगावातील आमच्या वाचनालयात मृणालताई गोरे यांच्या सार्वजनिक कार्यावर छोटे प्रदर्शन मांडायचे ठरले आहे. १९६१ साली मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्यावर त्यांनी उपनगरांतील पाण्याचा प्रश्न ज्या चिकाटीने लावून धरला, त्यातून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पुढे १९७२ मध्ये त्या विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. महागाईविरुद्ध महिलांनी काढलेल्या लाटणे मोर्चाबद्दल आणि नागरी निवारा परिषदेने सामान्यांसाठी उभारलेल्या घरांबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मात्र महापालिका सभागृहातील त्यांची भाषणे व प्रश्न मूळ स्वरूपात वाचकांसमोर यावेत, असे मला मनापासून वाटते, कारण वस्तीतल्या नळाचे गाऱ्हाणे सभागृहापर्यंत नेऊन त्याचा पाठपुरावा कसा करायचा, हे आजच्या तरुणांना त्यांतूनच नेमके कळेल.

त्या काळातील सभांची इतिवृत्ते पाहण्यासाठी महापालिका चिटणीस खात्याकडे अर्ज करताना कोणता तपशील द्यावा लागतो, आणि तेव्हाची मराठी वृत्तपत्रे मुंबईत कोठे चाळता येतील, हे कृपया कोणी अनुभवी अभ्यासक सांगतील का? गोरेगावच्या जुन्या रहिवाशांकडे पाणी मोर्चांची छायाचित्रे किंवा पत्रके असल्यास त्यांच्या प्रती काढून मूळ कागद आम्ही तत्काळ परत करू.