लांब पल्ल्याची पहिली रायफल : पैसे बंदुकीवर घालावेत की स्कोपवर?

राजवाडाकर :
माझा पुतण्या कोलोरॅडोत स्थायिक असून तिथला सक्तीचा शिकार-प्रशिक्षण वर्ग त्याने पूर्ण केला आहे. येत्या हंगामात म्यूल डियर या हरणाच्या आणि पुढे एल्क या त्याहून बऱ्याच मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना काढण्याचा त्याचा विचार आहे. सगळे मिळून त्याच्याजवळ १५०० डॉलर आहेत. इंदूरला आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत, म्हणून विषय इथे मांडतो. माझ्या मते रायफल पाचशे-सहाशे डॉलरांची, रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज ॲक्सिससारखी घ्यावी आणि उरलेले सर्व पैसे स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, घालावेत. या रायफली दिसायला साध्या असल्या, तरी त्यांना मानवणारे काडतूस सापडले की १०० यार्डांवर इंच-सव्वा इंचात गोळ्या टाकतात. काडतूस ६.५ क्रीडमूर असावे. २००७ साली आलेल्या या काडतुसाचा धक्का बेताचा असतो आणि त्याची लांबट गोळी वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. मात्र १०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर पडेल अशी जुळवलेली, ही गोळी ५०० यार्डांवर चार फुटांहून अधिक खाली येते. तेवढी भरपाई टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम वर-खाली करणारी चकती, फिरवून करायची असल्याने टरेट खोटा निघाला, तर उत्तम नळीही निरुपयोगी ठरते.

महूकर :
टरेटबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण तुमच्या हिशेबात काडतुसांसाठी एक पैसाही नाही, ही मला मोठी त्रुटी वाटते. आमच्या महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचे नेमबाजीचे केंद्र, आहे. नेमबाजी हा सरावाचा विषय आहे, हे या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शिकारीच्या चांगल्या गोळ्यांची वीसची पेटी तिकडे साधारण चाळीस डॉलरांना पडते, म्हणजे चाप ओढला की दोन डॉलर गेले. रायफलला ५५०, स्कोपला ४५०, स्कोप रायफलवर बसवणाऱ्या रिंग आणि बेसला १०० आणि काडतुसांना ४००, अशी वाटणी मी करीन. रिंग-बेसवर काटकसर करू नये, कारण ते ढिले राहिले तर दोष स्कोपला लागतो आणि माणूस विनाकारण स्कोप बदलत बसतो.

स्कोपची परीक्षा मुलाने स्वतः घ्यावी. १०० यार्डांवर मोठा कागद लावून, नेमाचा बिंदू न बदलता, एक गोळी झाडावी. मग टरेटने १० एमओए (नेम सरकवण्याचे कोनाचे माप) वर, तेवढेच उजवीकडे, तेवढेच खाली आणि तेवढेच डावीकडे जात प्रत्येक ठिकाणी एकेक गोळी झाडावी. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, तेव्हा कागदावर सुमारे साडेदहा इंचांचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची गोळी पहिल्या भोकाला लागून पडली पाहिजे. चौकोन तिरका आला, तर स्कोप बहुधा नळीवर कलता बसला आहे. लहान-मोठा आला, तर टरेटचे क्लिक, म्हणजे फिरवण्याचे टप्पे, खोटे आहेत आणि स्कोप परत करावा.

चोरलकाठ :
आपण दोघेही ५०० यार्ड गृहीत धरून बोलत आहात, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांना संरक्षण दिले. ते योग्यच झाले, असे इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या मला मनापासून वाटते. कोलोरॅडोत परवाना देऊन शिकार होते, हा तिथला प्रश्न आहे. पण जनावराच्या वेदनेला देशाची सीमा नसते. ५०० यार्ड जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकले तरी छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा तीच गोळी फूटभराहून अधिक सरकवतो. एल्कसाठी १५०० फूट-पाउंड ऊर्जा हवी, हा जुना ढोबळ नियम धरला, तर ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेन वजनाची गोळी ४०० यार्डांच्या आतच त्याखाली उतरते. मग नवख्या मुलाला मोठा टरेट कशाला हवा? ३ ते ९ पट मोठे दाखवणारा साधा स्कोप घ्यावा, ३०० यार्डांपलीकडे गोळी झाडू नये आणि उरलेला वेळ दबकत जवळ जायला शिकण्यात घालवावा.

राजवाडाकर :
एल्कपुरती आपली मर्यादा मी त्याला जशीच्या तशी कळवीन, कारण ऊर्जेच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. परंतु ५०० यार्डांवर लोखंडी पाटीवर सराव केलेल्या हाताला २५० यार्डांवरचे हरण सोपे जाते, आणि तो सराव खोट्या टरेटवर होत नाही. म्हणून स्कोपबाबत मी ठाम आहे.

महूकर :
सरावाचा आरंभ इंदूरलाही होऊ शकतो. मुलगा सुटीवर आला, की .१७७ बोअरची (नळीचे छिद्र .१७७ इंचाचे), २० जूलच्या आतली एअर रायफल द्यावी, तिला शस्त्रपरवाना लागत नाही. दहा मीटरवर चाप संथपणे दाबण्याची आणि गोळी सुटल्यावरही नेम न सोडण्याची सवय लागली, की ती मोठ्या रायफलवरही टिकते.

चोरलकाठ :
सरावाला माझा विरोध नाही. पण पाटी जखमी होऊन झाडीत शिरत नाही. ५०० यार्डांवरून झाडल्यावर तिथपर्यंत चालत जाऊन रक्ताचा माग काढणे या मुलाला कोण शिकवणार आहे, याचा उल्लेख आपल्यापैकी कोणाच्याच हिशेबात आलेला नाही. ते शिकवणारा जाणता सोबती मिळेपर्यंत त्याने एल्कचा परवाना काढू नये, असे माझे मत आहे.