"वहिनी, मांजराचं सुतक पाळताय का?"

तिसरा_मजला:
गेल्या शुक्रवारी पहाटे आमची भुरी गेली. पंधरा वर्षांची होती. 2010 च्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या आमच्या जिन्याखाली भिजत बसलेली, तळहाताएवढी. सासूबाई म्हणाल्या, "पाऊस थांबला की सोडून ये." तो पाऊस काही थांबला नाही. शेवटचे आठ महिने मूत्रपिंडाचं दुखणं. एक दिवसाआड मानेची कातडी चिमटीत धरून सलाईनची सुई मी टोचायचे आणि सासूबाई तिच्या कपाळावरून बोट फिरवत बसायच्या.

रविवारी धाकट्या दिरांच्या मुलीचं बारसं होतं. मी गेले नाही. पोट दुखतंय वगैरे काही न सांगता खरं काय ते सांगितलं. जाऊबाईचा फोन आला, "वहिनी, मांजराचं सुतक पाळताय का?" तेव्हापासून बोलणं बंद. सासूबाई मात्र सकाळी स्वयंपाकघरात डोळे पुसून, इरकल नेसून, वेळेवर गेल्या. माझं चुकलं का?

रोखठोक_काका:
चुकलं. उत्तर तुमच्याच शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. सासूबाईंना दुःख कमी होतं का? तरी गेल्या. ते पोर उद्या फोटो बघेल तेव्हा मोठी काकू कुठे दिसणार नाही. मांजरावर माया करा, कोण नाही म्हणतंय? पण माणसांची देणी आधी. हल्ली माणसं गेली तर व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र टाकतात, आणि मांजराला आठ महिने सलाईन!

खारे_दाणे:
काका, सलाईनचा हिशोब तुम्हाला कोणी मागितला?

गुरांचा_डॉक्टर:
एक वेगळंच सांगतो, कारण मूत्रपिंड म्हटलं की "आधी कळलं असतं तर" हे मागोमाग येतंच. मांजर दुखणं लपवतं. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. म्हातारं मांजर जास्त पाणी पितंय, वारंवार लघवी करतंय, एवढीच काय ती आधीची खूण. आठ महिने काढलेत म्हणजे सेवा चांगली झाली. बारशाचं मला विचारू नका, माझ्या घरी मीच कुठल्या कार्याला वेळेवर पोचत नाही.

माहुलीकर:
काकांसाठी: साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. छत्रपतींना जनावराच्या दुःखाची लाज वाटली नाही, मग आपण कोण?

रोखठोक_काका:
कुत्र्याची आहे. मांजराची एखादी दाखवा. आणि समाधी बांधून महाराज राज्यकारभार सोडून बसले नव्हते.

खारे_दाणे:
दाखवते की. इजिप्तच्या थुटमोस राजपुत्राने आपल्या लाडक्या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करवली होती, सव्वातीन हजार वर्षांहून जुनी. आणि प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, तिथे घरातलं मांजर मेलं की घरची सगळी माणसं भुवया भादरत.

(कुत्रा मेला तर डोकं आणि सगळं अंग भादरत, असंही तोच लिहितो. म्हणजे तिथेही कुत्राच वरचढ. हे काकांनी वाचलं नाही असं समजते.)

काळी_रान:
मी शेतकऱ्याच्या घरचा. आमचा सर्जा गेला तेव्हा वडिलांनी त्याला बांधाशेजारी पुरला आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चुलत्यांचा बैल उसना आणून पेरणीला उभे. रडायला वेळ नसतो असं नाही, पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कोणासाठी थांबत नाही. म्हणून काकांचं थोडं पटतं. फक्त एक आहे. त्या दोन दिवसांत गावातलं कोणी वडिलांना "बैलाचं सुतक पाळता का" म्हणालं नाही. आयाबाया भाकरी घेऊन आल्या होत्या. तुम्हाला कोणी डबा पाठवला का ताई?

तिसरा_मजला:
नाही. वॉचमन तेवढा विचारून गेला, "मनीमाऊ दिसत नाही?"

नाव_नको:
कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहिते. आमच्या बोक्याला ताप होता. रात्र होती, दवाखाना बंद. मी लेकाची पॅरासिटामोलची अर्धी गोळी चुरून दुधात दिली. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही, हे नंतर कळलं. हिरड्या तपकिरी पडल्या, तोंड सुजलं. हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं असं आजी म्हणायची. घरचे म्हणतात, दुसरं आणू. चार वर्षं झाली, मला दुसरं नको आहे. तुम्ही बारशाला गेला नाहीत यात मला तरी काही गैर वाटत नाही. मी त्या महिन्यात लेकाच्या शाळेच्या कार्यक्रमालाही गेले नव्हते, आणि तो गप्प राहिला, कारण गोळी त्याचीच होती.

रोखठोक_काका:
नाव_नको, तुम्ही मुद्दाम दिली नाहीत. मुलाशी एकदा त्यावर बोला.

बाकी धागाकर्तीबद्दल माझं मत तेच आहे. जायला हवं होतं. पाळण्याला हात लावून दहा मिनिटांत परत यायचं.

तिसरा_मजला:
काका, दहा मिनिटं जमली नसती. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणताना मी रडले असते, आणि बारशात रडणारी काकू जाऊबाईला अजिबात चालली नसती. तरी मान्य, तिच्या बाजूने पाहिलं तर तिच्या पहिल्या लेकीपुढे मांजर ठेवलं गेलं. फोन मीच करते. कुंची महिन्याभरापूर्वीच शिवून ठेवली आहे. भुरी त्या कापडावर झोपायची, म्हणून दोनदा धुतली, तरी अस्तराच्या शिवणीत एक केस निघालाच. तो मी काढलेला नाही.

सासूबाई आज सकाळी दुधाची पिशवी कापताना कात्री हातात धरून मागे बघत होत्या. त्या आवाजाला ती कुठूनही यायची.