मदत हवी आहे: मी संचालक झालो आणि ताईच्या घरचं सीसी अडलं

नमस्कार मंडळी. राहायला शहापूर, बेळगाव. गेल्या वर्षी इथल्या एका नागरी सहकारी बँकेवर संचालक म्हणून निवडून आलो. बँकेचं नाव कृपा करून विचारू नका.

दाजींचे वडगावात यंत्रमाग आहेत. त्यांचं याच बँकेत सीसी खातं (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज), मी संचालक व्हायच्या कितीतरी आधीपासूनचं. व्याज कधी थकलेलं नाही. आता ते नूतनीकरणाला आलंय. जामीनदार आमची थोरली ताई.

परवा मॅनेजरनी फाईल माझ्यापुढे सरकवली, ताईच्या सहीभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, "हे बघा की, साहेब." एवढंच. अध्यक्षांना सांगितलं, तर ते म्हणतात, "तेवढ्या विषयापुरतं बाहेर चहा पिऊन या. इतिवृत्तात गैरहजर दाखवू."

मला काही ते पटेना. रिझर्व्ह बँकेचं फेब्रुवारी २०२१ चं परिपत्रक काढून वाचलं. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला नागरी बँकांवर २००३ पासूनच बंदी आहे. नातेवाईक कोण, तर नवरा-बायको, एकत्र हिंदू कुटुंबातले, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. बहिणीचा नवरा नाही! आपल्याकडे पहिलं ताट दाजींना, आणि यादीत त्यांना पाटच नाही.

मग दाजी यादीत नाहीत म्हणून नूतनीकरण चालेल का? ताईच्या जामिनाचं काय? आणि हो, राजीनामा दे म्हणणाऱ्यांनो, तो पर्याय घरी आईने आधीच सुचवलाय.

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, निपाणी)

दाजी सुटले, ताई अडकली. त्याच परिपत्रकात पुढे बघा: संचालकाने किंवा त्याच्या नातेवाइकाने बँकेच्या कर्जाला जामीन राहायचं नाही. बहीण नातेवाईक आहेच. शिवाय बंदी नव्या कर्जापुरती नाही, नूतनीकरणालाही आहे.

चहाचं म्हणाल, तर बाहेर बसणं तिथे चालतं जिथे मंडळाला निर्णयाची मुभा असते. जे द्यायचंच नाही ते तुमच्या गैरहजेरीत दिलं तरी नियम मोडलाच. अशा कर्जांवरून नागरी बँकांना दंड झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. सूट आहे ती थोडी: संचालकाच्या स्वतःच्या नावावरची मुदत ठेव, सरकारी रोखे, आयुर्विम्याची पॉलिसी, यांच्या तारणावर.

नातं अध्यक्षांना लेखी कळवा, पोच घ्या, इतिवृत्तात नोंद होऊ द्या. ताईच्या जागी यादीबाहेरचा जामीनदार आणता येतो का बघा, नाहीतर खातं दुसऱ्या बँकेत न्या. पण त्याआधी एक विचारा: फर्म एकट्या दाजींच्या नावावर आहे की भागीदारी? ताई भागीदार असेल तर जामीनदार बदलून काही होणार नाही. मग ते संचालकाच्या नातेवाइकाचा हितसंबंध असलेल्या फर्मचं कर्ज झालं, म्हणजे थेट बंदीत.

धागाकर्ता

आभारी आहे, साहेब. पत्र आज दिलं, पोचही घेतली. अध्यक्षांनी चष्मा काढून दोनदा वाचलं.

भागीदारीचं रात्री ताईला फोनवर विचारलं. म्हणाली, "सही केलेय कुठंतरी, स्टॅम्प पेपर होता. कसला ते दाजींनाच विचार."