"कोड कुलूपबंद ठेवा" म्हणणाऱ्यांना उत्तर

शिरोलीचा कोडर
काल आपल्या कोल्हापूर डेव्हलपर्सच्या ग्रुपवर एका एजन्सीवाल्या मित्रानं लिहिलं, "टेलविंडची अवस्था बघा. वेबसाइट सजवायचं हे फुकट टूल जगभर वापरतात, तरी माणसं काढावी लागली. फुकट वाटून पोट भरत नाही. पोरांनो, काय बनवाल ते कुलूपबंद ठेवा." खाली अंगठ्यांचा पाऊस. त्यात माझ्याकडं शिकून गेलेली पोरंही दिसली, म्हणून एवढं लांब लिहितोय.

टेलविंडचं नीट वाचा. जानेवारी २०२६ मध्ये टेलविंड बनवणाऱ्या अ‍ॅडम वॅथननं स्वतः सांगितलं की इंजिनिअरिंगमधली ७५ टक्के माणसं कमी केली, उत्पन्न ८० टक्क्यांच्या आसपास घसरलं. टेलविंडचा वापर मात्र पूर्वीपेक्षा वाढलाय, हेही त्यानंच सांगितलं. मग बुडालं काय? लोक डॉक्स, म्हणजे टूल कसं वापरायचं त्याची पानं, वाचायला साइटवर यायचे आणि तिथं त्यांना विकतचे तयार कंपोनंट, म्हणजे पानाचे बनवलेले भाग, दिसायचे. आता एआय परस्पर टेलविंडचा कोड लिहून देतं. डॉक्सची वर्दळ ४० टक्क्यांनी उतरली. गिऱ्हाईक यायची वाटच बंद झाली, आणि माल एकदाच पैसे भरून कायमचा मिळणारा. यात खुल्या कोडचा दोष कुठं आला? कोड बंद असता तर टेलविंड कुणाला माहीतच झालं नसतं.

खुलं ठेवूनही कमावणारे बघा. वेबसाइट बनवायचं लॅरावेल एमआयटी लायसन्सवर आहे, म्हणजे कुणीही फुकट वापरावं. पैसा येतो त्यांच्याच फोर्ज या सेवेतून, सर्व्हर सांभाळायच्या महिन्याच्या वर्गणीतून, २०१४ पासून. वेबसाइटची मागची कामं उरकणारं साइडकिक तर माइक परहॅमनं वर्षानुवर्षं एकट्यानं चालवलं. मूळ कोड खुला, प्रो आणि एंटरप्राइज वर्गणीवर.

मी स्वतः फ्रापेवर, म्हणजे धंद्याचं सॉफ्टवेअर बनवायच्या खुल्या टूलवर, काम करतो. १ ऑगस्ट २०२३ ला जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली आणि शिरोली, गोकुळ शिरगावातल्या फौंड्रीवाल्यांची धांदल उडाली. कोड त्यांनाही फुकटच होता, पण एकानंही उतरवून घेतला नाही. त्यांना रात्री फोन उचलणारा माणूस हवा होता, कारण इन्व्हॉइस निघालं नाही तर माल भरलेली गाडी गेटवर उभी राहते. त्या जबाबदारीचे पैसे ते दर महिन्याला देतात.

पेठकरी
ती पोस्ट माझीच. भावा, तू माझाच मुद्दा सिद्ध केलास. तू टूल कुठं विकतोस? तू दुसऱ्याच्या टूलवर हमाली करतोस. टूल लिहिणाऱ्याचं काय? कोअर-जेएस ही जावास्क्रिप्टची खुली लायब्ररी लिहिणारा डेनिस पुश्कारेव्ह बघ. मोठमोठ्या साइट्स त्याच्या कोडवर चालतात आणि २०२३ मध्ये त्याला जाहीर लिहावं लागलं की असं चालू शकत नाही. त्याआधी इन्स्टॉल करताना "चांगली नोकरी शोधतोय" एवढं दिसायचं, तर त्यावर शिव्या खाल्ल्या.

मी बुकिंगचं एक प्लगइन खुलं केलं होतं. एका कंपनीनं माझं नाव खोडून गिऱ्हाइकाला विकलं. बग आला तेव्हा मेल मला: "अर्जंट आहे, आजच करून द्या." तुझ्या फौंड्रीवाल्यांनी फ्रापेला किती दिले ते सांग. मग बोलू.

कागलची लेक
दोघंही एकट्यादुकट्याचं बोलताय. दोन म्हशीवाल्यानं एकट्यानं मुंबईत दूध विकलं असतं का? १९६३ ला गोकुळ हा सहकारी दूध संघ उभा राहिला म्हणून जमलं. झिरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. इथल्या एजन्सींनी मिळून छोटा फंड काढायला काय हरकत आहे? वापरतो त्या टूल्सना दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची.

राजारामपुरी
सहकाराचं नाव काढू नका. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, कारखान्यानं उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, नाहीतर १५ टक्के व्याज. वडिलांनी बिलासाठी एका कारखान्याचे उंबरे झिजवले. व्याजाचा एक रुपया बघितला नाही. तुमच्या फंडातही चार जण संचालक होतील आणि आपल्याच पोरांच्या प्रोजेक्टला पैसे देतील.

कागलची लेक
माझी इंजिनिअरिंगची फी आईच्या दूध बिलातून भरलीय. दिवाळीला दूध फरक आला की घरात नवे कपडे यायचे. एका कारखान्यावरनं सगळ्या सहकाराला शिव्या देऊ नका.

राजारामपुरी
तुमच्या आईला मिळाले, माझ्या वडिलांना नाही. मी जे भोगलं तेच लिहिणार. ऊस काय असतो ते न बघितलेली माणसं इथं अंगठे देतायत.

पेठकरी
विषय टेलविंडचा, चाललंय उसाचं! पण हा प्रश्न बरोबर आहे, फंड कुणाला द्यायचा हे ठरवणार कोण?

शिरोलीचा कोडर
त्याआधी तुझं कुलूप. रेडिस या खुल्या डेटाबेसनं मार्च २०२४ मध्ये लायसन्स आवळलं. लगेच त्याच्याच जुन्या कोडवरनं व्हॅल्की वेगळं निघालं, मागं अ‍ॅमेझॉन आणि गूगल. मे २०२५ मध्ये रेडिस परत खुल्या लायसन्सवर, एजीपीएलवर, आलं. कुलूप लावून काय मिळालं?

पेठकरी
त्यांनी लोकांचा हातभार घेतल्यावर कुलूप लावलं. मी पहिल्या दिवसापासून लावा म्हणतोय. तरी रेडिसचं तुझं मान्य. प्लगइन बंद ठेवलं असतं तर ते कुणी वापरलंच नसतं, हेही कदाचित खरं असेल. पण फौंड्रीवाल्यांचं उत्तर तू टाळलंस.

शिरोलीचा कोडर
टाळत नाही. ते थेट देत नाहीत आणि देणारही नाहीत, कारण त्यांना फ्रापे माहीतच नाही, मी माहीत आहे. म्हणून ते काम माझं. यंदाच्या एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या, कोटेशनमध्ये "टूल्सची वर्गणी" अशी वेगळी ओळ टाकतो. कार्डावरनं आपोआप कटणारी रक्कम १५,००० च्या वर गेली की दर खेपेला ओटीपी लागतो, मागं एका टूलला मी देत असलेली स्पॉन्सरशिप त्यातच बंद पडली. त्यामुळं वर्षाचे एकदम भरायचे.

पेठकरी
गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच ओळ खोडणार. पण टाक. मीही टाकतो, बघू कुणाची टिकते.

कागलची लेक
मग शनिवारी शाहूपुरीत बसू. येताना आपापल्या चालू प्रोजेक्टची पॅकेज फाइल, म्हणजे वापरलेल्या टूल्सची यादी, आणा. चौघांत सामाईक काय निघतं बघू, त्यालाच पहिले पैसे. ठरवायला संचालक लागणार नाहीत.

राजारामपुरी
येतो. हिशेब दर महिन्याला ग्रुपवर, सगळ्यांपुढं. ते जमणार नसेल तर आत्ताच सांगा.