क्लेपची परीक्षा देऊन क्रेडिट मिळवताना काय पाहावे?

प्रश्न

नमस्कार. मी अमेरिकेत स्टुडंट व्हिसावर पदवीच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. बारावीला कॅल्क्युलस कसून केलेले असल्यामुळे तोच विषय पुन्हा सत्रभर फी भरून शिकण्याऐवजी क्लेप, म्हणजे वर्गात न बसता विषयाचे क्रेडिट (पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एकके) मिळवून देऊ शकणारी परीक्षा द्यावी, असे मनात आहे. उत्तीर्ण झाल्यावर क्रेडिट नक्की मिळतात का, आणि ते मिळाल्यास पुढच्या सत्रात तेवढे विषय कमी घेतले तर चालेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

ही परीक्षा घेणारे कॉलेज बोर्ड फक्त गुण देते. क्रेडिट द्यायचे की नाही, किती द्यायचे आणि कशाच्या बदल्यात द्यायचे, हे सर्वस्वी तुमचे कॉलेज ठरवते. गुण २० ते ८० या श्रेणीत मिळतात आणि ५० गुणांना क्रेडिट द्यावे अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे, पण ती शिफारसच आहे. काही कॉलेजे याहून अधिक गुण मागतात.

मला याचा फटका बसलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी मानसशास्त्राची परीक्षा दिली, शेवटचे बटण दाबताच पडद्यावर ६१ गुण दिसले आणि पदवीसाठी सामाजिक शास्त्राचा एक विषय करण्याची अट सुटली या आनंदात मी घरी आलो. काही आठवड्यांनी ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) तीन क्रेडिट जमा झालेले दिसले खरे, पण ते ऐच्छिक विषयांच्या सदरात होते आणि सामाजिक शास्त्राची जागा तशीच रिकामी होती. ऐच्छिक क्रेडिट माझ्याकडे आधीच पुरेसे असल्याने ते तीन क्रेडिट निरुपयोगी ठरले आणि मला तो विषय वर्गात बसून करावा लागला. म्हणून ‘क्रेडिट मिळतील का’ असे न विचारता ‘या परीक्षेमुळे माझ्या पदवीची नेमकी कोणती अट पूर्ण होईल’ असे कॉलेजमधील अभ्यासक्रम सल्लागारांना ईमेलने विचारा आणि त्यांचे लेखी उत्तर आल्याशिवाय फी भरू नका.

दुसरे उत्तर

व्हिसाचा मुद्दा वर राहून गेला आहे आणि तो अधिक गंभीर आहे. एफ-वन, म्हणजे तुमच्यासारख्या स्टुडंट व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावे लागतात आणि परीक्षेतून मिळालेले क्रेडिट त्या बारांत धरले जात नाहीत. त्यामुळे सत्र हलके करण्यासाठी या परीक्षेचा उपयोग करू नका. पदवी लवकर पूर्ण करण्यासाठी किंवा मोकळ्या झालेल्या जागी पुढचा विषय घेण्यासाठी मात्र तो जरूर होतो.

तिसरे उत्तर

बारावीचे कॅल्क्युलस पक्के असले तरी परीक्षेचा बाज वेगळा आहे, हे लक्षात घ्यावे. एकूण ९० मिनिटांत ४४ प्रश्न असतात. पहिले २७ प्रश्न ५० मिनिटांत कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचे असतात आणि त्यात आपल्याकडे शिकलेली मुले सहसा अडत नाहीत. उरलेल्या १७ प्रश्नांसाठी मात्र पडद्यावरच आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिलेला असतो आणि तो हाताखालून गेलेला नसेल, तर आलेखाचा छेदबिंदू शोधण्यातच दोन-तीन मिनिटे निघून जातात. त्याचा सराव आधी करून ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. कारण तीच परीक्षा पुन्हा द्यायची झाल्यास तीन महिने थांबावे लागते.

एक काळजीचा शब्द. तुमची पदवी अभियांत्रिकीची असेल आणि पुढचे गणित याच विषयावर उभे असेल, तर आधी कॉलेजच्या त्या अभ्यासक्रमाची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका मिळवून प्रामाणिकपणे सोडवून पाहा. ती अवघड गेली, तर वर्गातच बसा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सत्रात नऊच क्रेडिट घ्यायचे मी जवळजवळ ठरवले होते. तो बेत आता रद्द केला आहे. कॅल्क्युलसचे क्रेडिट मुख्य विषयाच्या अटीत धरले जातील का, हे विचारणारी ईमेल सल्लागारांना पाठवली असून उत्तर येताच येथे कळवतो.