प्रतिसाद: वायथची शेतं रिकामी नाहीत

शेतघराच्या त्या प्रिंटबद्दल ‘छान आहे, पण रिकामं वाटतं’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथबद्दल सांगावंसं वाटलं. पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्ड गावाजवळ कर्नर कुटुंबाचं शेत होतं. कार्ल कर्नर पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेला, नंतर अमेरिकेत येऊन शेतकरी झालेला. वायथ पोरवयापासून तिथे जायचा आणि जन्मभर तेच घर, तीच टेकडी रंगवत राहिला.

१९७० सालचं ‘इव्हनिंग ॲट कर्नर्स’ जरूर बघा. अंधारून आलंय, पांढरं घर आणि एका खिडकीत दिवा. माणूस एकही नाही, तरी आत कुणीतरी जागं आहे हे कळतंच!

हे जलरंगच, पण ‘ड्रायब्रश’ पद्धतीचे. रंगात बुडवलेला ब्रश बोटांनी पिळून पाणी काढायचं, केस फाकवायचे आणि उरलेल्या रंगाने बारीक रेघा ओढायच्या. वाळलेल्या गवताची काडी न् काडी अशीच उमटते.

प्रिंट घेणार असाल तर मॅट कागदावरचीच घ्या. चकचकीत कागदावर या रेघा उजेडात हरवतात.